वाचकांचे प्रश्न : तोच ‘र’, एकीकडे गोड आणि दुसरीकडे कर्कश

प्रश्न : फ्रेंच आणि इटालियन ऐकायला गोड, तर जर्मन आणि अरबी कर्कश, असे सर्रास म्हटले जाते. मला मात्र जर्मन मनापासून आवडते आणि फ्रेंच नाकातल्या नाकात बोलल्यासारखी वाटते. भाषेच्या गोडव्याला काही शास्त्रीय आधार आहे की ही केवळ ज्याची त्याची आवड? आणि आधार असेल, तर सर्वांत सुंदर भाषा कोणती?

उत्तर : आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते लवकर आटोपणारे आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात २२८ भाषांमधील ध्वनिमुद्रणे ८२० जणांना ऐकवून प्रत्येकाला गुण द्यायला सांगण्यात आले होते. ऐकणाऱ्यांपैकी काहींची मातृभाषा इंग्रजी, काहींची चिनी, तर काहींची सेमिटिक कुळातली (अरबी, हिब्रू ज्या कुळात मोडतात ते) होती. भाषाभाषांमधला फरक इतका किरकोळ निघाला की पहिला क्रमांक कोणाचा, हे विचारण्यात फारसा अर्थच उरला नाही. खरा फरक पडला तो ओळखीने. ही भाषा आपण ओळखली असे ज्याला वाटले, त्याने तिला अधिक गुण दिले. आणि गंमत अशी की ती ओळख चुकीची असली, तरी गुण वाढलेलेच राहिले. म्हणजे कान जे ऐकत होता त्याला मनातल्या माहितीची जोड आधीच मिळालेली होती.

आता फ्रेंच आणि जर्मन यांच्याकडे वळू. या दोन्ही भाषांच्या प्रमाण उच्चारात ‘र’ जिभेच्या टोकाने म्हटला जात नाही. जिभेचा मागचा भाग पडजिभेजवळ नेऊन घशातून घासल्यासारखा काढला जातो. अरबीतला ‘ग़’ याच्या अगदी शेजारी बसतो. तरीही हा ध्वनी फ्रेंच माणसाच्या तोंडी आला की त्याला नजाकत म्हणतात, जर्मन माणसाच्या तोंडी आला की खरखर, आणि अरबाच्या तोंडी आला की ‘घशातली भाषा’ असा शेरा बसतो. ध्वनी जवळपास एकच असताना निकाल तीन लागतात, तेव्हा निकाल देणारा केवळ कान नाही हे उघड आहे. फ्रेंचमागे अत्तरे, फॅशन आणि प्रेमकथा उभ्या असतात. जर्मन मात्र अनेकांच्या कानावर पहिल्यांदा पडते ती युद्धपटांतल्या आरडाओरड्यातून. ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टने सहाशेहून अधिक गीतांना चाली दिल्या, त्यांतली बहुतेक जर्मनमध्येच आहेत. ज्याचा या भाषेशी पहिला परिचय त्या गीतांतून होतो, त्याला तीच भाषा हळवी वाटली तर नवल नाही.

असे असले, तरी ध्वनींना स्वतःचे काहीच मोल नाही असे म्हणणे अतिरेकाचे होईल. शरद ऋतूला जर्मनमध्ये जो शब्द आहे त्याचा उच्चार साधारण ‘हेर्प्स्ट’ असा होतो. एका स्वरामागे व्यंजनांची रांगच लागते. फ्रेंचमध्ये तोच ऋतू ‘ओतॉन’ होतो आणि इटालियनमध्ये ‘आउतुन्नो’. इटालियन शब्द बहुधा स्वरावर संपतात, आणि गाणाऱ्याला लांबवर थांबायचे असते ते स्वरावरच. ‘प्स्ट’वर कोण थांबणार? फ्रेंचपेक्षा इटालियन संगीताला अधिक अनुकूल आहे, असा वाद तत्त्वज्ञ रूसोने १७५३ साली हिरिरीने घातला होता, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण मग जॉर्जियन भाषेचे काय करायचे? तिच्यात ‘ग्व्प्र्त्स्क्व्नी’ (तू आम्हाला सोलतोस) असा, सुरुवातीलाच आठ व्यंजने एकत्र आणणारा शब्द आहे, आणि तरीही जॉर्जियाचे बहुस्वरी समूहगायन इतके विलक्षण आहे की युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले आहे. जिथे व्यंजनांची दाटी तिथे गोडवा नाही, हा नियम इथे लंगडा पडतो.

आपल्याकडच्या काव्यशास्त्रानेही या प्रश्नाचा काथ्याकूट केला आहे, आणि माझ्या मते त्याची मांडणी आजच्या अनेक चर्चांपेक्षा शहाणपणाची आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाने माधुर्य या गुणासाठी ट, ठ, ड, ढ हे वर्ण वर्ज्य ठरवले आणि ङ्क, ञ्च, न्त यांसारखे, अनुनासिक आधी येणारे वर्ण अनुकूल मानले. एवढ्यावर तो थांबला असता तर ती निव्वळ आवडनिवड झाली असती. पण शृंगाराला बाधक ठरणारे तेच वर्ण वीर आणि रौद्र रसांत ओज आणतात, असेही त्याने सांगितले. म्हणजे ध्वनी गोड की कडू हे विचारण्याआधी त्याच्याकडून कोणते काम करून घ्यायचे आहे, हे विचारायला हवे. त्याच्याही आधी राजशेखराने संस्कृत रचना कठोर आणि प्राकृत रचना सुकुमार असल्याचे म्हटले होते. आज अनेकांना संस्कृत मंजुळ वाटते आणि प्राकृत म्हटले की काहीतरी गावंढळ डोळ्यांसमोर येते. वर्ण तेच राहिले. प्रतिष्ठेचे पारडे मात्र हलले.

प्रतिष्ठेचा हा परिणाम १९७० च्या दशकात भाषामानसशास्त्रज्ञ हॉवर्ड जाइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका पकडला. ग्रीक लोक अथेन्सची बोली क्रीटच्या बोलीपेक्षा श्रेष्ठ मानतात. ग्रीकचा गंधही नसलेल्या ब्रिटिश श्रोत्यांना दोन्ही बोली ऐकवल्या, तेव्हा त्यांना त्यांत उजवे-डावे काही जाणवले नाही. ज्याला समाजातली उतरंड ठाऊक नाही, त्याला ती ऐकूही येत नाही.

तुमच्या आवडीबद्दल संकोच बाळगण्याचे मात्र काहीच कारण नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन हे भाषांचे जाणकार, पण त्यांनाही फ्रेंचपेक्षा फिनिश आणि वेल्श कितीतरी अधिक भावल्या, इतक्या की आपल्या कल्पित भाषा त्यांनी त्याच धाटणीवर घडवल्या. फक्त स्वतःच्या मातृभाषेबद्दल असा निर्णय देणे फार कठीण असते, कारण ती आपल्याला ध्वनी म्हणून ऐकूच येत नाही, थेट अर्थ म्हणूनच येते. शेजारच्या खोलीत कोणी बोलत असेल आणि भिंतीमुळे शब्द कळत नसतील, तर क्षणभर आपल्याच भाषेची नुसती चाल कानावर पडते. एखादा शब्द उमगला की ती लगेच हरवते.

प्रश्न : चिनी माणसे साधे बोलत असली तरी भांडत आहेत असे का वाटते? शिवाय परकी भाषा नेहमी भरभर बोलल्यासारखी का भासते?

उत्तर : मराठीत आवाजाची चढउतार राग, प्रश्न किंवा आश्चर्य दाखवते, शब्दाचा अर्थ तिच्यामुळे बदलत नाही. मँडरिन चिनीत ती शब्दच ठरवते. ‘मा’ हा उच्चार सपाट उंच स्वरात केला तर आई, आधी उतरून मग चढणाऱ्या स्वरात केला तर घोडा, आणि झटकन खाली आणला तर रागावणे. हा झटकन खाली येणारा स्वर आपल्याकडे हुकूम सोडताना किंवा फटकारताना वापरला जातो, म्हणून तिथे साधे वाक्यही आपल्या कानाला वादासारखे लागते.

वेगाचे म्हणाल, तर तो बराचसा भास असतो. शब्द कुठे संपला हे कळत नसल्यामुळे सगळे बोलणे एका दमात ओतल्यासारखे वाटते. काही भाषांत, उदाहरणार्थ जपानीत, सेकंदाला अक्षरे खरोखरच जास्त उच्चारली जातात. पण त्यांच्या एकेका अक्षरात माहिती कमी मावते. १७ भाषांची तुलना करणाऱ्या २०१९ सालच्या एका अभ्यासात माहिती पोचवण्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ३९ बिट (बिट म्हणजे माहिती मोजण्याचे एकक) इतका, सर्वत्र जवळजवळ सारखा आढळला. तीच भाषा शिकू लागल्यावर काही महिन्यांनी तिचे बोलणारे आपल्याला सावकाश बोलू लागल्यासारखे वाटतात. त्यांनी वेग मात्र जराही कमी केलेला नसतो.