पुस्तक तिच्या हातात परत द्या

पत्र: मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती. ८७ टक्के पडले, इंग्रजीत मात्र ६८. आता अकरावी सायन्सला आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आल्यापासून तिनं वकील व्हावं असं माझ्या मनात आहे. क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा), नाहीतर एनडीए (लष्करी अधिकारी घडवणारी प्रबोधिनी). दोन्हीकडं इंग्रजी लागतं. यंग अ‍ॅडल्ट, म्हणजे किशोरवयीनांसाठीच्या, कादंबऱ्या वाचून शब्द वाढतात असं ऐकलं. तिनं मैत्रिणीकडून तशी एक इंग्रजी कादंबरी आणलीच होती, रात्री लाइट बंद कर म्हणून सांगावं लागायचं. मग मी नियम केला : प्रत्येक अनोळखी शब्द अर्थासह वहीत लिहायचा, रविवारी संध्याकाळी तोंडी परीक्षा, आणि सगळे शब्द पाठ झाल्याशिवाय पुढचं प्रकरण नाही. ४२ पानांत ३१० शब्द झाले. आता ती पुस्तकाला हात लावत नाही. ऑडिटला बाहेरचे लोक आले की इंग्रजीपायी मी गप्प बसतो, तिचं तसं होऊ नये. कोणती कादंबरी दिली तर जास्त शब्द मिळतील? वहीचे फोटो पाठवतोय. (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर:

नमस्कार दादा,

वहीचे फोटो मोठे करून पाहिले. अक्षर सुरेख आहे, रकाने पट्टीनं आखलेत. तिसऱ्या पानाच्या समासात पेन्सिलनं, अगदी बारीक अक्षरात एक ओळ आहे : ‘मग तो तिला खरं सांगतो का?’ तुमच्या नजरेतून ती सुटली असावी. सगळ्या वहीत तुमच्या लेकीचं स्वतःचं असं तेवढंच आहे. गोष्टीत पुढं काय होतं ते तिला हवं होतं, आणि शब्द पाठ व्हायचे होते म्हणून तिला पुढं जाता आलं नाही.

कोणती कादंबरी द्यावी हे तुम्ही विचारलंय. त्याचं उत्तर मी आज देणार नाही, कारण तुमच्या नियमाखाली कुठलीही कादंबरी चाळीसाव्या पानावरच बंद पडेल. मराठी माध्यमातली पोरगी कुणीही न सांगता मैत्रिणीकडून इंग्रजी पुस्तक मागून आणते आणि रात्री जागून वाचते, हे घडावं म्हणून कितीतरी आईबाप क्लासची फी भरतात, पुस्तकांचे संच घेतात, तरी ते घडत नाही. तुमच्या घरी ते आपसूक चाललं होतं. त्याचा अभ्यास केलात तिथं ते थांबलं. हे कडू वाटेल, पण पत्रात खरी काळजी वाटावी अशी गोष्ट हीच आहे. इंग्रजीतले ६८ गुण मला मुळीच घाबरवत नाहीत.

ऑडिटच्या वेळी गप्प बसता, ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. आपण सोसलं ते लेकरानं सोसू नये असं वाटणाऱ्या बापाला मी दोष देणार नाही. पण गप्प बसण्यामागं काय असतं ते एकदा आठवून बघा. त्या खोलीत बसल्यावर तुम्हाला एकही इंग्रजी शब्द येत नसतो का? कास्टिंग, रिजेक्शन, फर्नेस, ड्रॉइंग, टॉलरन्स, डिलिव्हरी, यातलं सगळं तुम्हाला येतं आणि रोज वापरता. तोंड उघडत नाही ते चुकलो तर समोरचा काय म्हणेल या धास्तीनं. आता रविवारची संध्याकाळ बघा. वडील वही घेऊन समोर बसलेत, शब्द विचारतायत, ती अडखळते, वडील पान पुढं करतात. इंग्रजी म्हटलं की कुणीतरी आपली चूक काढायला बसलेलं असतं, हेच ती दर आठवड्याला शिकतेय. तुमची धास्ती तुम्ही तुमच्याच हातानं तिला देताय. ती परीक्षा या रविवारपासून बंद करा. कमी करू नका, पंधरा दिवसांनी ठेवू नका, बंदच करा.

आता त्या ३१० शब्दांबद्दल. तुम्हाला तो आकडा कमतरतेचा वाटतो. मला तसं वाटत नाही, आणि यात कौतुकाचा भाग नाही, साधा हिशोब आहे. अशा कादंबरीच्या पानावर अडीचशे-पावणेतीनशे शब्द असतात. म्हणजे ४२ पानांत साधारण अकरा हजार शब्द झाले, आणि त्यातले ३१० तिला अडले. एखादा अनोळखी शब्द पुन्हा आला तेव्हा तो परत लिहिला गेला नसेल, तेवढी सूट धरली तरी शंभरातले ९६-९७ शब्द तिला येत होते. पॉल नेशन हे शब्दसंग्रहाच्या अभ्यासातलं मोठं नाव. कुणाची मदत न घेता कादंबरी नीट समजायची तर शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे हवेत, असं त्यांचं मांडणं आहे. त्यासाठी इंग्रजीतली आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं माहीत असावी लागतात, असा हिशोब त्यांनी २००६ मध्ये दिला. (रिलक्टंट, रिलक्टंटली, रिलक्टन्स हे तिन्ही मिळून एक कुटुंब.) म्हणजे तुमची लेक मदतीशिवाय वाचण्याच्या उंबरठ्यावर आहे. पुस्तक तिला किंचित अवघड होतं, आणि किंचित अवघड पुस्तकातूनच शब्द वाढतात. प्रत्येक शब्द आला तरच वाचलेलं कळतं, हा समज मात्र डोक्यातून काढून टाका. मराठी कादंबरी वाचताना तुम्ही-आम्ही अनोळखी शब्द सर्रास ओलांडून जातो आणि तरी गोष्ट कळते.

शब्द एका भेटीत येत नाही. वहीत ‘रिलक्टंट म्हणजे अनिच्छुक’ असं लिहिलंय. रविवारी तिनं ते म्हणूनही दाखवलं असेल. पण तो शब्द तिचा झाला का? एका पानावर मुलगा नाइलाजानं मुख्याध्यापकांच्या केबिनकडं निघतो, वीस पानांनी मैत्रीण कचरत पाकीट पुढं करते, पुढच्या पुस्तकात कुणीतरी खुर्चीवरून उठायला तयार नसतं. असा तो आठ-दहा वेळा, वेगवेगळ्या माणसांच्या वागण्यातून भेटला की हिंदी-मराठीचा आधार न घेता कळायला लागतो, आणि मग कधीतरी लिहिताना आपोआप पेनातून उतरतो. एवढ्या भेटी व्हायच्या तर खूप पानं वाचावी लागतात. मराठी आपल्या कानावर दिवसभर पडत असते, इंग्रजी तिच्या कानावर पडत नाही. ती तूट वाचनानंच भरून निघणार. महिनाभर ४२ पानांत अडकलेल्या मुलीला पुढच्या भेटी होतच नाहीत. शब्दांसाठी पानं अडवलीत आणि शब्दांचीच वाट बंद झाली.

आणखी एक. वहीत ‘सोफोमोर’ आहे, ‘प्रॉम’ आहे, ‘लॉकर’ आहे. सोफोमोर म्हणजे अमेरिकेतल्या शाळेतला दहावीचा विद्यार्थी. कसबा बावड्यात राहणाऱ्या मुलीला तो शब्द जन्मात लागणार नाही. त्याच पानावर ‘हेझिटेट’ आणि ‘अ‍ॅडमिट’ आहेत, जे तिला जन्मभर लागतील. तुमच्या नियमात या सगळ्यांना सारखाच एक गुण. कुठला शब्द धरायचा आणि कुठला सोडायचा हे ठरवता येणं ही वाचकाची मोठी ताकद असते. ते तिलाच ठरवू द्या, तिला ते तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

शब्द टिपूच नयेत असं मी म्हणत नाही. प्रकरण सलग वाचायचं, मध्ये थांबायचं नाही. अगदीच घोडं अडलं तर तेवढ्यापुरता मोबाइलवर अर्थ बघायचा आणि पुढं जायचं. प्रकरण संपल्यावर मागं येऊन तीन-चारच शब्द निवडायचे, शक्यतो एकाहून जास्त वेळा दिसलेले. त्यांच्यासमोर मराठी अर्थाआधी पुस्तकातलं ते अख्खं वाक्य उतरवायचं. ज्या वाक्यात शब्द भेटला त्या वाक्यासकट तो लक्षात राहतो. खाली स्वतःच्या घरातलं, कॉलेजातलं एखादं वाक्य करायचं. दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि महिन्यानं वही तिची तिनंच उलटायची. वही तिच्या कप्प्यात राहील. तुम्ही मागायची नाही.

परीक्षांचं थोडक्यात सांगते. क्लॅटमध्ये दोन तासांत १२० प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, आणि २०२० पासून सगळा पेपर उताऱ्यांवर बेतलेला. एनडीएच्या सामान्य क्षमता पेपरात ६०० पैकी २०० गुण इंग्रजीचे असतात, तिथं समानार्थी-विरुद्धार्थी शब्द थेट विचारतात, आणि २०२१ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुलींना तो दरवाजा उघडलाय.

क्लॅटसाठी कादंबरी पुरेल का, तर नाही पुरणार. यंग अ‍ॅडल्ट कादंबरी बहुतेक संवादांवर चालते. मैत्री, घर, शाळा, राग, लाज यांचे शब्द तिच्यात भरपूर असतात. कर, हक्क, पर्यावरण, न्यायालयाचे निकाल यांवरच्या लेखांतले शब्द तिच्यात फारसे येत नाहीत, आणि क्लॅटचे उतारे त्या वळणाचे असतात. त्यासाठी पुढं इंग्रजी दैनिकातला अग्रलेख रोज एक वाचावा लागेल. पण साडेचारशे शब्दांचा उतारा न घाबरता एका दमात वाचून काढायची सवय लागते ती कादंबरीनं. ती सवय नसलेली मुलं शब्दांच्या याद्या पाठ करूनही दुसऱ्याच उताऱ्याशी दमतात, हे मी दरवर्षी बघते. आधी कादंबऱ्या, बारावीच्या सुरुवातीपासून अग्रलेख. हा क्रम उलटा करू नका.

आता वकिलीबद्दल. १८ ऑगस्ट २०२५ पासून इथं सर्किट बेंचचं काम सुरू झालं. कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथं येतात, तेव्हा तुमच्या मनात हा विचार यावा हे साहजिक आहे. पण पत्रात तुमच्या मनात काय आहे तेच आहे. ‘क्लॅट, नाहीतर एनडीए’ हे एका श्वासात लिहिताना जाणवलं का, की ही दोन सर्वस्वी वेगळी आयुष्यं आहेत? एकीत फाइली आणि युक्तिवाद, दुसरीत पहाटेची कवायत आणि बदल्या. दोन्हीत इंग्रजी लागतं एवढंच त्यांच्यात समान दिसलं, यावरून वाटतं की तुम्ही लेकीसाठी करिअर शोधतच नाही आहात, इंग्रजीच्या भीतीवर औषध शोधताय. तिला काय हवंय ते विचारलंत का? उत्तर आलं नाही तरी चालेल. अकरावीत ते न येणंच स्वाभाविक आहे. आणि वकिलीच करायची ठरली तर क्लॅट हा एकच रस्ता नाही. राज्याची लॉ सीईटी आहे, बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पदवीनंतर तीन वर्षांचा आहे. खालच्या न्यायालयांत कामकाज मराठीत चालतं, उच्च न्यायालयात इंग्रजीत. पक्षकाराचं म्हणणं मराठीत ऐकून घेऊन इंग्रजीत मांडणारा वकील इथं कायम लागणार आहे. त्यामुळं तिच्या मराठी माध्यमाला कमीपणा समजू नका. तिचं मराठी वाचनही चालू राहू दे.

तुम्ही काय करायचं ते एवढंच. आज घरी गेल्यावर ती कादंबरी तिच्या हातात द्या आणि सांगा की परीक्षा नाही, वही दाखवायची नाही, हवं तर वाच. ती लगेच वाचायला घेणार नाही. काही आठवडे पुस्तक तसंच पडून राहील, तिला तुमच्या बोलण्याचा भरवसा यायला वेळ लागेल. तेवढ्यात ‘वाचलंस का?’ म्हणून विचारू नका. ते पुस्तक नकोसंच झालं असेल तर मैत्रिणीला परत जाऊ दे. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी करवीर नगर वाचन मंदिरात किंवा तिच्या कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन दुसरं आणू द्या. वाचन मंदिर १८५० पासून याच गावात उभं आहे, सभासदत्व तिच्या नावानं घ्या. पुस्तक तिनं निवडायचं. रहस्यकथा निवडली, प्रेमकथा निवडली, तुम्हाला पोरकट वाटेल असं काही निवडलं, तरी हरकत घ्यायची नाही. निवडताना मधलं कुठलंही पान उघडून वाचायला सांगा. पाच-सात शब्द अडले तर ठीक, पंधरा-वीस अडले तर ते पुस्तक सहा महिन्यांनी.

तिनं आपणहून वाचायला घेतलं आणि तुम्हाला बोलावंसं वाटलं, तर गोष्टीबद्दल विचारा, कोण कुणाशी खोटं बोललं ते विचारा. ती मराठीत सांगेल, मध्येच दोन-चार इंग्रजी शब्द येतील, एखादा चुकेलही. दुरुस्त करू नका. तुम्हाला एखादा शब्द कळला नाही तर तिला अर्थ विचारा. बापाला शब्द सांगायची सवय झालेली मुलगी उद्या चारचौघांत बोलायला कचरणार नाही, आणि पुढच्या ऑडिटला कदाचित तुम्हीही एखादं वाक्य बोलून जाल.

परीक्षेच्या अर्जांचं बारावीच्या जूनमध्ये बघू. तेव्हा पत्र लिहाल तर तिलाही लिहायला सांगा, स्वतःच्या शब्दांत, तुम्ही न वाचता पाकीट बंद करून.