रेल्वेच्या आधी पोचलेल्या सिस्टर

मागच्या अंकात उत्तरेतल्या कॉन्व्हेंट शाळांबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. सगळ्यांना उत्तरं देता आली नाहीत, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत.

ताई, आम्ही मे महिन्यात मसुरीला गेलो होतो. तिथल्या वेव्हर्ली कॉन्व्हेंटबद्दल गाईड म्हणाला की ही शाळा १८४५ ची आहे. मला काही पटलं नाही. तेव्हा तिथे रस्ता तरी होता का? – एक वाचक, सोलापूर

गाईड बरोबर बोलला हो. वेव्हर्ली १८४५ चीच. आणि तुमची शंका पण रास्त आहे, कारण आपली बोरीबंदर ते ठाणे गाडीच मुळी धावली १८५३ ला आणि डेहराडूनला रेल्वे पोचली १९०० साली, म्हणजे शाळा सुरू होऊन पंचावन्न वर्षं झाल्यावर. तोवर वर जायचं म्हणजे डोली, दांडी नाहीतर घोडा, आणि सामान हमालांच्या पाठीवर.

वेव्हर्ली काढणाऱ्या सिस्टर (म्हणजे नन) मुळात फ्रान्समधल्या लियॉं शहरातल्या. संस्थेचं नाव जीझस अँड मेरी, म्हणून शाळांच्या बोर्डवर सीजेएम, म्हणजे कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी, दिसतं. स्थापना १८१८ ची आणि संस्थापिका क्लोदीन तेवने. हिची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ च्या जानेवारीत, तिच्या दोन सख्ख्या भावांना गोळ्या घालून मारलं, आणि ती तिथे होती, तिने पाहिलं ते. जाता जाता भावांनी तिला सांगितलं की आम्ही क्षमा करतोय तशी तू पण कर. एकोणीस-वीस वर्षांची पोर, त्या धक्क्यातून ती शरीराने कधीच पूर्ण सावरली नाही म्हणतात, पण पुढे तिने शहरातल्या अनाथ मुली गोळा करायला सुरुवात केली, त्यांना लिहायवाचायला आणि रेशमाचं विणकाम शिकवायचं, कारण लियॉं रेशमाचं गाव, हातात काम असलं की मुलगी उपाशी मरणार नाही हा साधा हिशोब. ती १८३७ ला गेली. भारत तिने कधी पाहिला नाही.

ती गेल्यावर पाच वर्षांनी, १८४२ ला, तिच्या सिस्टर आग्र्याला आल्या, तिथल्या बिशप बोर्गींनी बोलावलं म्हणून. सुएझचा कालवा उघडला १८६९ ला, त्यामुळे तो प्रवास किती महिन्यांचा असेल याची कल्पना करा, आणि परत जायचं तिकीट कुणी काढलेलं नव्हतं. आग्र्याचं सेंट पॅट्रिक्स त्याच वर्षीचं, तीन वर्षांनी मसुरी, मग १८६४ ला शिमल्याचं चेल्सी.

मी एकदा बसून सालं जुळवून पाहिली आणि मला फार गंमत वाटली. दार्जिलिंगचं लोरेटो १८४६, तिथली छोटी गाडी १८८१. नैनितालचं सेंट मेरीज १८७८, त्याच्या पायथ्याच्या काठगोदामला रेल्वे १८८४. शिमल्याची गाडी तर १९०३ ची. म्हणजे डोंगरावरच्या या प्रत्येक गावी सिस्टर आधी पोचल्या आणि रेल्वे, तीही कुठे कुठे पायथ्यापर्यंतच, मागून आली!

डोंगरच का, असंही तुम्ही पत्रात पुढे विचारलंय. उन्हाळ्यात खालच्या मैदानात तापाने आणि कॉलऱ्याने मुलं पटापट जायची, त्यामुळे गोरे अधिकारी आणि सैनिक मुलांना वर पाठवायचे. आणि दुसरं कारण पैशाचं. सिस्टरांचं गणित साधारण सगळीकडे सारखं होतं, एका बाजूला फी घेणारं बोर्डिंग आणि त्याच आवारात दुसऱ्या बाजूला अनाथ मुलींचं घर, बोर्डिंगच्या फीवर अनाथाश्रम चालायचा. ही मुलं बरीचशी कंपनीच्या फौजेतल्या आयरिश शिपायांची, बाप लढाईत नाहीतर तापात गेला, आईही गेली, असं मूल ठेवायचं कुठे. १८५७ ला आग्र्याच्या किल्ल्यात जे लोक आसऱ्याला होते त्यात या सिस्टर पण होत्या.

कॉन्व्हेंट, सेंट मेरीज, लोरेटो, सीजेएम हे सगळं एकच ना? – एक वाचक, नाशिक

नाही, आणि आधी 'कॉन्व्हेंट' या शब्दाचा घोळ सोडवू. आपल्याकडे 'पोरगी कॉन्व्हेंटमध्ये आहे' म्हणजे इंग्लिश मीडियममध्ये आहे, इतका तो शब्द सैल झालाय की गल्लीतल्या कुठल्याही शाळेच्या नावात लावतात. खरं तर कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टर राहतात ते घर. आठ-दहा बायका एकत्र राहतात, एकत्र प्रार्थना, एकच स्वयंपाकघर, कमाई एकाच पेटीत. शाळा ही त्या घराला जोडून येते. हे एकदा लक्षात आलं की बाकी सगळं उलगडतं, कारण पगार घरी न नेणाऱ्या, बदली झाली की एक ट्रंक उचलून निघणाऱ्या बायका असल्याशिवाय त्या काळात इतक्या लांब इतक्या शाळा निघाल्याच नसत्या, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता नावं. सीजेएमचं वर सांगितलंच. लोरेटोच्या सिस्टर आयर्लंडच्या, १८४१ संपता संपता कोलकात्याला उतरल्या, तिथून दार्जिलिंग, लखनौ (१८७२), शिमला असं करत गेल्या. मदर तेरेसा पहिल्यांदा आल्या त्या याच संस्थेत, १९२९ ला दार्जिलिंगला त्यांचं प्रशिक्षण झालं, आणि १९४८ ला त्या तिथून बाहेर पडल्या. आणि पाटण्याचं सेंट जोसेफ्स (१८५३), अलाहाबादचं सेंट मेरीज (१८६६), नैनितालचं सेंट मेरीज, ह्या शाळा काढल्या जर्मनीतल्या बव्हेरियाहून आलेल्या सिस्टरांनी.

गंमत म्हणजे आयरिश लोरेटो आणि या जर्मन सिस्टर दोघींचं मूळ एकच बाई आहे, मेरी वॉर्ड, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची, जन्म १५८५. तिचं म्हणणं होतं की आम्ही व्रतं घेऊ पण चार भिंतींआड कोंडून राहणार नाही, बाहेर जाऊन मुलींना शिकवू. त्या काळी चर्चच्या नियमाने हे बसतच नव्हतं, नन म्हणजे जाळीच्या आत. रोमने १६३१ ला तिची संस्था बंद केली आणि तिला म्युनिकमध्ये एका मठात कोंडून ठेवलं. तिथून ती लिंबाच्या रसाने चिठ्ठ्या लिहायची, कागद शेकला की अक्षरं उमटायची, आणि अशा चिठ्ठ्यांवर तिने बाहेरच्या मैत्रिणींना धीर दिला. ती गेली १६४५ ला, आणि संस्थापिका म्हणून तिचं नाव घ्यायची परवानगी मिळाली कधी, तर १९०९ मध्ये! म्हणजे पाटण्याच्या आणि नैनितालच्या पहिल्या सिस्टरांनी आयुष्यभर जिचं काम केलं तिला उघडपणे आपली संस्थापिका म्हणायची पण सोय नव्हती. मला हे वाचून खरंच भरून आलं होतं.

अजमेरचं सोफिया आणि आपलं मुंबईचं सोफिया कॉलेज एकाच लोकांचं का? – एक वाचक, ठाणे

नाही. मुंबईचं सोसायटी ऑफ द सेक्रेड हार्टचं आहे. अजमेरचं मिशन सिस्टर्स ऑफ अजमेर यांचं, ही संस्था १९११ ला अजमेरलाच सुरू झाली, शाळा १९१९ ची आणि कॉलेज १९४२ चं. नाव सारखं, घरं वेगळी.

ताई, राग मानू नका पण स्पष्ट विचारतो. या सगळ्याच्या मागे धर्मांतरच होतं ना? – एक वाचक, सांगली

राग कशाला, विचारायलाच पाहिजे. या बायका श्रद्धेपोटी आल्या, हे त्यांनी कधी लपवलं नाही आणि मी पण लपवणार नाही. पण शाळा बघितल्या तर चित्र वेगळं दिसतं. सुरुवातीच्या बऱ्याच कॉन्व्हेंट शाळा जन्मानेच ख्रिस्ती असलेल्या मुलांसाठी होत्या, गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन घरातल्या. माझी खरी तक्रार उलटी आहे, डोंगरावरच्या त्या शाळांमध्ये भारतीय मुलींना सुरुवातीला फारसा प्रवेशच नव्हता, आणि आवारातल्या आवारात बोर्डिंगच्या मुली वेगळ्या, अनाथाश्रमाच्या वेगळ्या, वर्ग वेगळे, जेवण वेगळं. हे टोचतं आणि टोचायलाच हवं. पुढे शहरातल्या घरांनी मुली पाठवायला सुरुवात केली तेव्हा वर्ग हिंदू, मुसलमान, शीख मुलींनी भरले. उत्तर प्रदेशात २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोक ०.१८ टक्के होते, पावणेदोनशे वर्षं शाळा चालवून. छोटा नागपूरच्या (आताच्या झारखंडमधल्या) आदिवासी भागात मात्र लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले, पण तिथे जमिनीचा प्रश्न होता, फादर लीव्हन्स १८८५ ला आले आणि जमीनदारांविरुद्ध आदिवासींच्या बाजूने कोर्टात उभे राहिले, लोक त्यांच्यामागे गेले ते त्यामुळे. तो विषय शाळांपेक्षा वेगळा आहे, दोन्ही एकत्र करून बोललं की दोन्हीवर अन्याय होतो.

उत्तरेत बघावं तर सगळ्या सिस्टर केरळच्या. तिथल्या स्थानिक बायका सिस्टर होत नाहीत का? – एक वाचक, चंद्रपूर

तुम्ही चंद्रपूरचे म्हणून आधी हे सांगते. केरळच्या सिरो-मलबार चर्चला १९६२ साली केरळबाहेर पहिलं मिशन क्षेत्र मिळालं ते तुमचं चांदा! मग सतना, सागर, उज्जैन, बिजनौर असं होत गेलं आणि केरळहून सिस्टर वर येत राहिल्या, हिंदीचं एक अक्षर येत नसताना. सिस्टर राणी मारिया त्यातलीच, बिजनौरला कामाला सुरुवात केली, पुढे इंदूरजवळ उदयनगरला आदिवासींना सावकाराच्या कर्जातून सोडवायचं काम करत होती, २५ फेब्रुवारी १९९५ ला भर बसमध्ये तिला भोसकून मारलं. तिची धाकटी बहीण पण सिस्टर, तिने जेलमध्ये जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर रांचीत आहे. तिथे लोरेटोच्या सिस्टरांकडे शिकणाऱ्या चार आदिवासी मुलींनी ठरवलं की आपण पण सिस्टर व्हायचं. पुढारी बर्नादेत किस्पोट्टा, उराँव समाजाची, विशीच्या आतली. घरच्यांनी लग्नं जमवायला घेतली, ह्या ऐकेनात. मिशनमधल्या मोठ्या लोकांनाही वाटायचं की जंगलातल्या मुलींना हे आयुष्य झेपायचं नाही, त्यांनी पण आधी नकोच म्हटलं. म्हणजे घर पण विरोधात आणि चर्च पण. तरी त्या हटल्या नाहीत, आणि २६ जुलै १८९७ ला, सेंट अ‍ॅनच्या सणाच्या दिवशी, डॉटर्स ऑफ सेंट अ‍ॅन ही संस्था सुरू झाली. बाहेरून कुणी आलं नव्हतं, फ्रान्स नाही, आयर्लंड नाही, केरळही नाही. त्यांना गावातली भाषा येत होती, शेतात राबायची सवय होती, चालत कितीही लांब जायची तयारी होती, त्यामुळे मोठ्या शहरातल्या कॉन्व्हेंटना जिथे जमलं नसतं अशा खेड्यापाड्यात त्यांच्या शाळा आणि दवाखाने झाले. बर्नादेत १९६१ पर्यंत होत्या, म्हणजे आपल्या आजीच्या वयाच्या बायकांनी त्यांना पाहिलेलं असणार. शिमला-मसुरीचे फोटो सगळ्यांकडे असतात, रांचीच्या या चौघींबद्दल मात्र मराठीत मला जवळजवळ काही सापडलं नाही, म्हणून जरा लांबलं, पण मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

माझी आत्या सिस्टर आहे, उत्तर प्रदेशात शाळेत शिकवते. सगळे विचारतात एवढ्या पगाराचं ती करते काय? आम्हालाही नीट सांगता येत नाही. – एक वाचक, वसई

आत्याचा पगार आत्याचा नसतोच. तिने तीन व्रतं घेतलीत, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन, त्यातल्या पहिल्यामुळे पगार संस्थेच्या खात्यात जातो आणि तिला गरजेपुरता खर्च मिळतो. त्यातूनच म्हाताऱ्या सिस्टरांची औषधं, नवीन मुलींचं शिक्षण, आणि तोट्यातल्या खेड्यातल्या शाळा चालतात. ते जुनं आग्र्याचं गणितच आहे, फक्त बोर्डिंगच्या फीच्या जागी पगार आलाय.

यावरून कोर्टातही बरीच वर्षं वाद चालला. अनुदानित शाळेतल्या सिस्टर आणि फादर यांच्या पगारातून टीडीएस कापायचा की नाही, कारण चर्चच्या कायद्याप्रमाणे व्रत घेतल्यावर पैशाच्या बाबतीत ती व्यक्ती उरतच नाही, उत्पन्न संस्थेचं. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं की पगार व्यक्तीच्या नावाने निघतो तर टॅक्स कापला जाणार, पुढे तो कुणाला द्यायचा हा तिचा प्रश्न. त्यामुळे आता कुणी विचारलं तर सांगा की आत्या टॅक्स भरते आणि उरलेला सगळा पगार देऊन टाकते. आणि सुट्टीला येईल तेव्हा तिला विचारून ठेवा की त्यांच्या कॉन्व्हेंटमध्ये पहिल्या सिस्टर कुठून आणि कशा आल्या होत्या, बहुतेक कॉन्व्हेंटमध्ये अशी एक वही असते ज्यात हे लिहून ठेवलेलं असतं, आणि जमलं तर मला कळवा.