डर्टसाठी (कच्च्या, चिखलाच्या वाटेसाठी) बनवलेली यामाहा आरएक्स १०० बाइक किकला लवकर सुरूच होत नाही, बोअर करावा लागेल का?

तू लिहिलंयस की ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल) मिसळतोस, प्लग नवा टाकलाय, तरी सकाळी किक मारून मारून घाम निघतो आणि गॅरेजवाला आता बोअर-पिस्टन (सिलिंडर आतून घासून नवा पिस्टन) करू म्हणतोय. भावा, जरा थांब. बोअरचा खर्च सगळ्यात शेवटी.

आधी एक साधं बघ. थंड गाडीला चोक ओढलास की किक मारताना अ‍ॅक्सिलरेटरला हात लावायचा नाही, अजिबात नाही. या मिकुनी कंपनीच्या कार्बात (कार्ब्युरेटरमध्ये) चोक म्हणजे जास्तीचं पेट्रोल ओढणारा वेगळा रस्ता असतो, आणि स्लाइड (मूठ पिळली की वर जाणारी कार्बातली झडप) पूर्ण खाली असेल तरच इंजिनाची ओढ त्याच्यावर पडते, मूठ पिळली की ती ओढ जाते आणि चोक असून नसल्यासारखा. निम्मे लोक चोक ओढून वर अ‍ॅक्सिलरेटर पण देतात आणि मग गाडीला शिव्या घालतात.

तरी नाही झाली तर पाचसहा किका मारून लगेच प्लग काढ आणि बघ ओला आहे की कोरडा. पुढचं सगळं यावरून ठरतं.

कोरडा असेल तर पेट्रोल आतच जात नाहीये. टाकीचं झाकण उघडून किक मार, झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय (चिखलात चालणाऱ्या गाडीचं हे होतंच). नाहीतर कार्ब खोल आणि पायलट जेट (बारीक भोकाची छोटी पितळी नळी) काढून उजेडासमोर धर, गोल स्वच्छ भोक दिसलं पाहिजे, अंधुक दिसलं तरी बुजलंय समज. तार घालू नको, भोक मोठं होतं, कार्ब क्लीनर आणि हवा मार. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, ते पाणी धरतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीचा कॉक बंद करून फ्लोटमधलं (कार्बच्या खालच्या वाटीतलं) पेट्रोल काढून टाकत जा.

ओला असेल तर करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, बघ. प्लग कॅपमध्ये घालून हेडच्या उघड्या धातूला नीट टेकव, प्लगच्या भोकावर फडकं ठेव नाहीतर आतून उडालेलं पेट्रोल पेटायचं, आणि किक मार. निळसर टणटणीत ठिणगी हवी, पिवळी मरतुकडी नको. मरतुकडी असेल तर नवीन कॉइल घेण्याआधी प्लगची कॅप फिरवून काढ, वायरचं टोक अर्धा सेंटिमीटर कापून परत घट्ट बसव, आतली तार काळी पडलेली असते. किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) लावला असशील तर त्याची वायर काढून एकदा बघ. करंट चांगला आणि तरी प्लग ओला म्हणजे गाडी ओव्हर होतेय (आत पेट्रोल जास्त जातंय), कॉक बंद, चोक बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण देऊन किका मार, मोकळी होईल. टू-टी किती टाकतोस ते लिहिलं नाहीस, लिटरला ३० मिलीच्या आसपास ठेव, अंदाजाने ओतलं की प्लग तेलकट होतोच.

पावसाळाभर उभी होती का? मग सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून बघ, कुंभारमाशी मातीचं घर करून ठेवते. हसू नको.

एवढं करून पण तेच असेल तर मला शंका क्रँकच्या ऑइल सीलची. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (क्रँक बसतो तो खालचा कप्पा) हवाबंद लागतं, नाहीतर मिश्रण वर ढकललंच जात नाही. क्लचकडचं सील गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर येतो आणि ऑइल कमी होत राहतं. मॅग्नेटकडचं गेलं तर बाहेरची हवा ओढते, सुरू झाल्यावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी रेस लवकर खाली येत नाही. हे सील बोअरच्या मानाने किरकोळ पैशाचं, पण गॅरेजवाले सहसा तिकडे बघतच नाहीत. कार्ब आणि सिलिंडरच्या मध्ये रीडची पाती (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणारी पातळ झडप) असतात, ती पण काढून बघ, टोक तुटलं असेल किंवा फट राहत असेल तर बदल.

बोअरचा विषय कॉम्प्रेशन मोजल्यावर. प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लाव, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून किका मार, १०० पीएसआयच्या बरंच खाली आलं तर गॅरेजवाला बरोबर बोलतोय. तोपर्यंत त्याला हेड खोलू देऊ नको, आणि प्लग ओला निघाला की कोरडा ते सांग.