आधी ईआर पॉझिटिव्ह, आता हाडात निगेटिव्ह. पहिला रिपोर्ट चुकला होता का?

ताई, तुम्ही लिहिलंय की आईचं २०१६ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, तेव्हा ईआर, म्हणजे गाठीच्या पेशीतला इस्ट्रोजेन हॉर्मोनचा रिसेप्टर, पॉझिटिव्ह आला, ५ वर्षं लेट्रोझोलची गोळी घेतली, आणि आता तोच आजार कमरेच्या हाडात आलाय तर तिथल्या बायोप्सीत ईआर निगेटिव्ह लिहिलंय. म्हणजे पहिला रिपोर्ट चुकीचा होता आणि ५ वर्षं गोळी फुकट गेली का, असं विचारलंय. मी गोव्यात फोंड्याला राहते, हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे गाठीचे तुकडे तपासतात तिथे, टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. स्लाइड मी बनवते, वाचतात पॅथॉलॉजिस्ट. पण या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या मावशीसाठी खूप शोधलंय म्हणून लिहिते.

पहिला रिपोर्ट चुकला असेल असं मला वाटत नाही. इतक्या वर्षांनी आणि तेही हाडात परत येणं ही हॉर्मोनवर वाढणाऱ्या गाठीचीच चाल असते, ईआर निगेटिव्ह गाठ परत यायची असेल तर बहुतेक वेळा पहिल्या काही वर्षांतच येते.

गाठीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेला असतो, त्याचा ३-४ मायक्रॉनचा काप काढून काचेवर घेतो, त्यावर रिसेप्टरला चिकटणारी अँटिबॉडी घालतो आणि शेवटी रंग येतो. ज्या पेशीच्या केंद्रकात इस्ट्रोजेनचा रिसेप्टर आहे ते तपकिरी, बाकीचे निळे. आता शंभरातल्या १ पेशीचं केंद्रक तपकिरी दिसलं तरी रिपोर्ट पॉझिटिव्हच धरतात. आणि ९० टक्के लिहिलेल्या स्लाइडवर पण मधेच एखादा निळ्या पेशींचा पुंजका दिसतो, मी कितीतरी वेळा बघितलाय. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच गाठीत सगळ्या पेशी एका जातीच्या नसतात. आपल्याकडे खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, बांध फुटून खारं पाणी शिरलं की बाकीचं भात मरतं आणि खारं सोसणारा कोरगुट भात तेवढा उभा राहतो, तसंच आहे हे. लेट्रोझोल काय करते तर पाळी गेल्यावर चरबीत वगैरे जे इस्ट्रोजेन तयार होतं ते बंद करते, त्यावर जगणाऱ्या पेशी मरतात किंवा गप्प बसतात, आणि ज्यांना त्याची गरज नाही त्या हळूहळू वाढतात. म्हणून गोळी फुकट गेली असं अजिबात म्हणू नका, इतकी वर्षं तिनेच थोपवून धरलं असणार.

हे नवीन पण नाही. १८९६ मध्ये ग्लासगोच्या बीटसन नावाच्या सर्जनने एका बाईची अंडाशयं काढल्यावर तिची स्तनाची गाठ विरली हे छापून आणलं, तेव्हा इस्ट्रोजेन हा शब्दसुद्धा नव्हता, पण ती बाई काही वर्षांनी त्याच आजाराने गेली. मग १९४९ मध्ये फाउल्ड्स नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने उंदरांवर लिहिलं. मादी गाभण राहिली की गाठ वाढायची, व्याली की विरायची, पुढच्या वेताला परत वाढायची, असं काही वेळा झालं की मग ती व्याल्यावर पण विरेना, हॉर्मोन नसताना वाढायला लागली. आणि एकाच मादीला दोन गाठी असल्या तर एक बदलली म्हणून दुसरी बदललेली असेलच असं नव्हतं. मी हे वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्यावरच विचार करत बसले, कारण आईच्या छातीतली गाठ एक सांगते आणि हाडातली दुसरं सांगते हे त्यातच आलं. माणसांत परत आलेल्या आजाराची बायोप्सी केली तर शंभरातल्या साधारण १० ते २० जणींत ईआर बदललेला सापडतो, पीआर, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हॉर्मोनचा रिसेप्टर, तर त्याहून जास्त जणींत.

पण बदल म्हणजे दर वेळी निगेटिव्ह होणं नव्हे. माझ्या मावशीचं, साखळी गावची ती, फुप्फुसात आलं तेव्हा ईआर जोरदार पॉझिटिव्हच होता तरी गोळी चालेना. रिसेप्टरच्या जीनमध्येच, ईएसआर१ म्हणतात त्याला, बिघाड होतो आणि मग रिसेप्टर इस्ट्रोजेनशिवायच चालू राहतो, नळाची चावी मोडून पाणी वाहतच राहावं तसं. हे लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनंतर जास्त दिसतं आणि आता रक्तातूनही तपासता येतं. मावशीला मग फुलवेस्ट्रंटचं इंजेक्शन सुरू केलं, महिन्याला दोन्ही कुल्ल्यांवर, ते रिसेप्टरच मोडून टाकतं, आणि सोबत पेशींची वाढ रोखणारं पाल्बोसिक्लिब. अशा बिघाडावर म्हणून इलासेस्ट्रंट नावाच्या गोळीला अमेरिकेत २०२३ मध्ये मंजुरी मिळालीय. मावशी मात्र शेवटपर्यंत म्हणायची, 'चवथीक चार दीस गुळी चुकली गो बाय, म्हणून जालें हें.' चार दिवसांनी असं होत नाही हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल. तुमची आई असलं काही मनात धरून बसली असेल तर तिला आजच सांगा.

आता माझ्या कामातली एक गोष्ट, ही डॉक्टरांना नक्की विचारा. हाडाचा तुकडा कडक असतो, काप निघावा म्हणून आधी त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं. घाईत जोरदार ॲसिडमध्ये घातला की तुकडा पटकन मऊ होतो पण रिसेप्टरची खूणही खराब होते आणि खरा पॉझिटिव्ह निगेटिव्ह दिसू शकतो. ईडीटीएमध्ये ठेवला तर वेळ जास्त जातो पण रंग नीट येतो. माझ्या पहिल्या नोकरीत एका बाईचा तुकडा रात्रभर नायट्रिक ॲसिडमध्ये राहिला, रिपोर्ट निगेटिव्ह गेला, महिन्याने दुसऱ्या जागेची बायोप्सी केली तर सगळी स्लाइड तपकिरी. त्या बाईचा महिना वाया गेला, मला अजून वाईट वाटतं. शिवाय स्तनाच्या गाठीशेजारी दुधाच्या निरोगी नळ्या असतात, त्या तपकिरी झाल्या म्हणजे टेस्ट नीट झाली हे कळतं. हाडात तशा नळ्या नसतात, त्यामुळे निगेटिव्ह खरा की खोटा हे त्याच तुकड्यावरून ओळखणं कठीण.

म्हणून विचारायचं की हाडाचा तुकडा कशात मऊ केला, दुसरी एखादी मऊ जागा आहे का जिथून बायोप्सी घेता येईल, आणि हर२ (गाठीच्या पेशीवरचा आणखी एक रिसेप्टर) परत तपासलाय का, कारण तोही बदलतो. निगेटिव्ह खरा असेल तर इलाजाची दिशा बदलेल, खोटा असेल तर हॉर्मोनवरची औषधं अजून हातात आहेत, एवढा फरक आहे. २०१६ चा ब्लॉक जिथे ऑपरेशन झालं तिथल्या लॅबकडे अर्ज करून मागा, लॅबने ठेवला असेल तर मिळतो, आणि दोन्ही ब्लॉक एकाच ठिकाणी शेजारी शेजारी तपासून घ्या, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) असो की मुंबईला टाटात. नेताना फक्त गाडीत उन्हात ठेवू नका, मेण आहे ते, वितळतं. मावशीचा ब्लॉक मी रुमालात गुंडाळून पर्समध्ये घालून नेला होता.