रमा हे नाव

प्रिय रमा,

रविवारी पुण्याचा व्हिडिओ कॉल संपल्यावर तू विचारलंस, "आई, माझं नाव आजीबाईंचं आहे का? तिकडे कुणाचंच नाही, मग मलाच का?" मी "नंतर सांगते" म्हणाले. मला ते लागलं होतं.

तुझी मावसबहीण या नावाला आजीबाईंचं म्हणाली, तिचं चूक नाही. तिच्या वर्गात आर्या, अनन्या, ईरा आहेत. माझ्या सांगलीच्या शाळेत हजेरी सुरू झाली की सुनीता, संगीता, मनीषा, वैशाली. बाई आडनाव घेईपर्यंत कुणी 'हजर' म्हणायचं नाही, कारण कुठली सुनीता ते कळायचं नाही! आम्हाला ती नावं अगदी नवी वाटायची. आमच्या आया कुसुम, सुमन, मालती, विमल. त्यांच्या आया गोदावरी, भागीरथी, यमुना, द्वारका. नद्या नि तीर्थं मागे पडून फुलं आली आणि फुलं मागे पडून आम्ही आलो.

माईला, तुझ्या पणजीला, तू फोटोतच पाहिलंयस. ती माहेरची द्वारका. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि ती रमा झाली. पुढे तिचा भाऊ यायचा तेव्हा ओसरीवरूनच "द्वारके!" अशी हाक मारायचा आणि माई आतून वेगळ्याच आवाजात 'ओ' द्यायची. तो आवाज ऐकायला मी मामाआजोबांची वाट बघायचे. न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाईही माहेरी यमुना होत्या. 1873 साली लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. पुढे पुण्याच्या सेवासदनाचा कारभार त्यांनीच सांभाळला.

आणि जुनं म्हणजे कुणाच्या घरात जुनं? बाबासाहेबांच्या रमाई ज्या घरांत आजही मनापासून आठवल्या जातात, तिथे हे नाव कधी म्हातारं झालंच नाही. सई आज किती नवं वाटतं, पण ते शिवाजी महाराजांच्या राणीचं नाव. तुझ्या लीड्सच्या वर्गातल्या आयव्ही, एल्सी, फ्लोरेन्स यांची नावंही इथल्या पणज्यांचीच आहेत. मधली कितीतरी वर्षं ती फारशी कुणी ठेवत नव्हतं.

माझ्या लग्नात बापूंनी ते तांदळाचं ताट मांडूच दिलं नाही, म्हणून माझं नाव माझंच राहिलं. तुझ्या बारशाला आत्याला ईरा हवं होतं. मी रमावर अडून बसले आणि मग तिनेच तुझ्या कानात कुर्र करून ते सांगितलं. सांगलीच्या घरात दिवसभर घेतलं जाणारं एक नाव इथेही कुणीतरी मोठ्याने घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

पण तुझा प्रश्न ऐकल्यापासून मनात येतंय, माईला तरी ते नाव आवडत होतं का? कदाचित तिला द्वारकाच प्रिय असेल. मग मी तुला जे दिलं ते तिचं होतं की तिच्यावर लादलेलं, हे मला ठरवता येत नाही. तरीही मला ते फार आवडतं. दारातून "रमा" अशी हाक मारताना मला अजून बरं वाटतं.

तुला शाळेत दुसरं काही म्हणवून घ्यायचं असेल तर सांग, मी रागावणार नाही. वाईट वाटेल, ते लपवणार नाही. दिवाळीत सांगलीला जाऊ तेव्हा माईची धाकटी बहीण, आपली अक्का, भेटेलच. तिला तूच विचार, माईला कुठल्या नावाने हाक मारलेली आवडायची. मी शेजारी बसून ऐकेन.

तुझी,
आई