घरपट्टी आम्ही मुंबईकर भरतो, मग ग्रामसभेत आम्हाला मत का नाही? आणि गावात काय ठरतंय ते इथे बसून कसं कळणार?

मी लालबागला राहते. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, आणि वाडीच्या मुंबई मंडळाचं दप्तर गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. तुमचा प्रश्न आमच्या जवळपास प्रत्येक बैठकीत निघतो.

ग्रामसभेचं सभासदत्व घरावर ठरत नाही, मतदारयादीवर ठरतं. 1993 पासून ही व्याख्या राज्यघटनेतच आहे. नाव एका वेळी एकाच यादीत ठेवता येतं. तुमचं नाव लालबागच्या यादीत असेल, तर असेसमेंटला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीत, घर तुमच्या नावावर असूनही गावच्या ग्रामसभेत तुम्हाला मत नाही. पूर्वी मलाही हा अन्याय वाटायचा.

मग एका वर्षी मंडळाने इथे बैठक घेऊन ठरवलं, गावाला सभागृह पाहिजे. गणपतीला, लग्नकार्याला सगळ्यांची सोय होईल. सरपंचांना फोन गेले, वर्गणीचे आकडेही पडले. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथे माझ्या जाऊबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वरच्या वाडीच्या बायका मे महिन्यात पऱ्यात (ओढ्यात) डवरा (खड्डा) खणून पाणी भरतात. सभागृह नंतर बांधा, आधी पाणी आणा." सात-आठ जणींनी तेच सांगितलं. त्यांचं म्हणणं प्रोसिडिंगमध्ये लिहिलं गेलं, मुख्य सभेपुढे आलं आणि गावच्या विकास आराखड्यात पाणी पहिलं आलं. आमच्या बैठकीत त्या डवऱ्यावर पाणी भरणारं एकही माणूस नव्हतं. मी ते इतिवृत्त दोनदा वाचलं आणि माझं मत बदललं.

आता माहितीचं. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. आपल्याकडे त्या बहुतेक 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखांना किंवा आसपास होतात. नोटीस फलकावर लागते, दवंडी फिरते. कोरम मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातला कमी आकडा. एवढीही माणसं जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, याचं मला फार वाईट वाटतं. मुंबईहून करण्यासारखं काम खरं तर हेच आहे. सभेच्या आदल्या रात्री आपापल्या घरी फोन करा, आईला, काकीला सांगा, "उद्या जा, आणि विषय विचारून ये." व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विसंबू नका. तिथे आपण मुंबईकरच बोलत असतो, वरच्या वाडीत धड रेंजही नसते. आमच्याकडे आता नोटीस देवळात आरतीनंतर मोठ्याने वाचतात, त्याचा ग्रुपपेक्षा जास्त उपयोग झाला.

आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर मोबाइलवरही दिसतो. त्यात न कळलेलं काही असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, 10 रुपये शुल्क आहे, ठरावांच्या प्रती मागता येतात. त्यासाठी गावचा मतदार असावं लागत नाही. पण अर्ज टाकण्याआधी एकदा ग्रामपंचायतीत जाऊन नीट विचारा. निम्म्या शंका तिथेच मिटतात, आणि गावातली माणसं दुखावत नाहीत.

1 मेला सुट्टीत गावी असाल तर सभेच्या अध्यक्षांना विचारून मागे बसा आणि ऐका. तुमचं म्हणणं तुमच्या प्रभागातल्या सदस्याला आधी सांगून ठेवा, तो विषय मांडू शकतो. आणि निवृत्तीनंतर खरोखर गावीच राहणार असाल, तर फॉर्म 8 भरून नाव तिकडे न्या. नुसतं निवडणुकीपुरतं मात्र नेऊ नका. माझ्या धाकट्या दिरांनी कायमचं गावी राहायचं ठरवून नाव नेलं. आता ते बारा महिने तिथेच असतात, आणि ग्रामसभेच्या दिवशी वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना आपल्या रिक्षातून खाली घेऊन येतात.