बीएमएसने हात वर केले तर? होडीवरच्या लिथियम बॅटरीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न १२ व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरीचे आहेत. स्कूटरच्या किंवा लॅपटॉपच्या लिथियमचं रसायन बहुधा वेगळं असतं. तिथले आकडे इथे लावू नका.

प्रश्न : आमची नऊ मीटरची फायबरची पर्यटक होडी आहे. डिझेल इंजिनाला ७० अँपिअरचा अल्टरनेटर आहे. दोन्ही लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या काढून त्यांच्या जागी २०० अँपिअर-तासांची एकच लिथियम बसवली, वायरिंग तेच ठेवलं. पंधरा दिवसांत अल्टरनेटर जळाला आणि त्याच दिवशी जीपीएस प्लॉटरही गेला. मेकॅनिक म्हणतो बॅटरी खराब, विकणारा म्हणतो अल्टरनेटर जुना होता. खरं काय? (मालवण)

बॅटरी बहुधा ठणठणीत आहे आणि अल्टरनेटरही जळेपर्यंत चांगलाच असेल. चूक जोडणीत आहे.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरत आली की करंट घेणं आपसूक कमी करते. म्हणून ७० अँपिअरच्या अल्टरनेटरला एरवी पुरती ताकद लावावी लागते ती सुरुवातीची थोडी मिनिटंच. एलएफपीचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की जवळजवळ भरेपर्यंत ती मिळेल तेवढं ओढत राहते. त्यातून अल्टरनेटरवर छापलेला आकडा तो थंड असताना आणि पुऱ्या वेगात फिरतानाचा. पर्यटकांना घेऊन तुम्ही मंद वेगात फिरता तेव्हा अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, इंजिनाची खोली तापलेली असते आणि मागणी मात्र पूर्ण. तास-दीड तास असं चाललं की वाइंडिंगचं वॉर्निश करपतं, डायोड जातात.

प्लॉटर कसा गेला? बॅटरी भरत आली, एखादा सेल ३.६५ व्होल्टला पोचला आणि बीएमएसने, म्हणजे बॅटरीतल्या राखणदार सर्किटने, चार्जिंग तोडलं. त्या क्षणी अल्टरनेटरमधून ४०-५० अँपिअर वाहत होते, त्यांना अचानक जायला जागा उरली नाही. रेग्युलेटर सावरेपर्यंत व्होल्टेज क्षणभर ४०-५० च्याही वर उसळतं. त्या वेळी त्याच लाइनवर जे जे जोडलेलं असेल त्याला तो फटका बसतो.

उपाय असा. इंजिनासाठी एक लेड-अ‍ॅसिड परत बसवा आणि अल्टरनेटर फक्त तिलाच जोडा. तिच्यापासून लिथियमकडे ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर लावा. तो अल्टरनेटरकडून साधारण ३६-३७ अँपिअर घेईल, म्हणजे ७० च्या निम्म्याच्या आसपास. इतकं अल्टरनेटर दिवसभर सोसतो. चार्जरच्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण दोन्हीकडे बॅटरी आहे. चार्जरला इग्निशनचा सिग्नल द्या, म्हणजे इंजिन बंद असताना तो लेड-अ‍ॅसिड उपसणार नाही. सेटिंग १४.२ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर टिकवण्याचं व्होल्टेज) १३.४, इक्वलाइझ (मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन सेल सारखे करणं) बंद, तापमानानुसार व्होल्टेज बदलणंही बंद. लेड-अ‍ॅसिडच्या सवयीचा इलेक्ट्रिशियन ही शेवटची दोन हमखास चालू ठेवतो.

आणि एका गोष्टीवर आम्ही अडून बसतो. बीएमएस कधी ना कधी तोडणारच, त्यासाठीच तो बसवलाय. तो तोडेल त्या क्षणी होडीवर काय चालू राहायला हवं, हे वायर ओढायच्या आधी ठरवा. बिल्ज पंप, म्हणजे होडीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा, फ्लोट स्विचसह थेट लेड-अ‍ॅसिडवर, स्वतःच्या फ्यूजमधून. व्हीएचएफ रेडिओ आणि दिशादर्शक दिवे चेंजओव्हर स्विचवर, म्हणजे हाताने दुसऱ्या बॅटरीवर घेता येतील. लिथियम १२.४ व्होल्टला आली की वाजणारा बझर सुकाणूजवळ. काळोखात अचानक सगळं विझण्यापेक्षा आधी वाजलेलं बरं.

प्रश्न : २८० अँपिअर-तासांचे चार सुटे एलएफपी सेल आणि १५० अँपिअरचा बीएमएस घेतला आहे. मच्छीमार होडीसाठी पेटी स्वतः बांधायची आहे. क्रम कसा ठेवावा? (हर्णे)

आधी गरज मोजा. फिश फाइंडर २० वॅट आठ तास, प्लॉटर १५ वॅट आठ तास, व्हीएचएफ नुसता ऐकताना ६ वॅट दहा तास, दिशादर्शक दिवे १५ वॅट सहा तास, केबिनचे दिवे २० वॅट सहा तास, पंखा २५ वॅट आठ तास. बेरीज ७५० वॅट-तास. ८० टक्केच वापरायची म्हटलं तरी १०० अँपिअर-तासांची बॅटरी एका रात्रीला पुरते. तुमचे सेल ३,५८४ वॅट-तास देतात, त्यातले ८० टक्के म्हणजे साधारण पावणेचार रात्री. जास्त घेतल्याचं नुकसान नाही, पण तेवढं रोज भरणार कशाने, तेही पाहा. १०० वॅटचं सौर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ४०० वॅट-तास देतं.

आता बांधणी. पहिलं काम टॉप बॅलन्सिंग, म्हणजे चारही सेल पूर्ण भरून एकाच पातळीवर आणणं, आणि ते घाईने करण्याचं काम नाही. चारही सेल आधी एकामागोमाग म्हणजे सिरीजमध्ये जोडून, बीएमएस लावून, पहिला सेल ३.६५ ला जाऊन बीएमएस तोडेपर्यंत चार्ज करा. मग सगळं सोडवून चारही सेल समांतर जोडा आणि बेंच सप्लायने (व्होल्टेज नॉबने ठरवता येणारा वीजपुरवठा) ३.६५ व्होल्टवर करंट दोन-तीन अँपिअरपर्यंत उतरू द्या. पहिली पायरी गाळून थेट समांतर जोडलेत तर १० अँपिअरच्या सप्लायला अर्धे रिकामे सेल भरायला दोन-तीन दिवस लागतात.

सप्लायवर ३.६५ लावायचं ते सेल जोडण्याआधी, वायर मोकळ्या असताना, मल्टिमीटरने पाहून. इथे बहुतेकांचा पाय घसरतो. सप्लायच्या बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, सेलवर ३.४ च दिसतं, करंटही कमी येतो. मग माणूस 'जरा लवकर होईल' म्हणून नॉब फिरवून ४.२ करतो आणि झोपायला जातो. सेल भरला की करंट कमी होतो, वायरीतली घट नाहीशी होते आणि पूर्ण ४.२ सेलवर येतं. सकाळी सेलच्या बाजू फुगलेल्या. नॉबला हात न लावता वायर जाड करा.

या सेलचा धातूचा डबा वरच्या निळ्या पातळ आवरणाखाली उघडाच असतो. इंजिनाच्या थरथरीने ते आवरण घासून फाटतं आणि शेजारचे दोन डबे एकमेकांना चिकटतात. म्हणून प्रत्येक दोन सेलमध्ये इपॉक्सी-फायबरची शीट घाला. दोन्ही टोकांना १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय आणि चार थ्रेडेड रॉड. सेल हलणार नाहीत इतकंच आवळा, पिळून काढू नका. सेल उभेच ठेवा. चार सेलचं वजन २१-२२ किलो भरतं, लाटेत पेटी सरकणार नाही असे पट्टे हवेत. पेटीची जागा बिल्जच्या पाण्याच्या वर आणि इंजिनाच्या खोलीबाहेर. ४५ अंशांच्या वर गेलेल्या सेलला चार्ज करायचं नाही.

टर्मिनल आणि बसबार, म्हणजे सेल जोडणाऱ्या पट्ट्या, हिरव्या स्क्रबरने घासून चमकवा आणि लगेच जोडा, कारण अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइड पटकन चढतं. होडीवर कडक पट्टीपेक्षा वेणीचा लवचिक बसबार बरा. टॉर्क रेंच वापरा, आकडा सेलच्या डेटाशीटमधला. पेट्रोलियम जेली आवळून झाल्यावर वरून लावायची, सांध्यात नाही.

बीएमएसच्या बारीक वायरी जोडताना प्लग बीएमएसमध्ये घातलेला नसावा. काळी वायर पहिल्या सेलच्या ऋण टोकाला, मग एकेक सेलच्या धन टोकाला. जोडून झाल्यावर काळ्या पिनपासून बाकीच्या पिनांवर व्होल्टेज बघा : ३.३, ६.६, ९.९, १३.२ असं चढत्या क्रमाने आलं तरच प्लग घाला. एक वायर चुकली तर बीएमएस तिथेच मरतो.

मुख्य केबल कलई केलेल्या तांब्याची, ३५ चौरस मिलिमीटर, आणि १२५ अँपिअरचा फ्यूज धन टोकापासून १८ सेंटिमीटरच्या आत. सतत भार १०० अँपिअरच्या वर नेऊ नका. साधी घरगुती वायर खाऱ्या हवेत आतपर्यंत काळी पडते. केबलच्या टोकाचं थिंबल षटकोनी डायच्या क्रिंपरने दाबा, वर गोंदवाली हीट श्रिंक ट्यूब. नुसतं सोल्डर नको, त्याच्या कडेला वायर कडक होऊन थरथरीने तुटते.

प्रश्न : फ्यूज महाग पडतो. घरातल्या बोर्डातला ६३ अँपिअरचा एमसीबी चालेल का? (वसई)

नाही. घरातला करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे एमसीबी उघडताना पेटलेली ठिणगी विझते. बॅटरीचा करंट शून्यावर येतच नाही. शिवाय मोठ्या एलएफपीचा शॉर्ट झाला तर पाच-दहा हजार अँपिअर सहज वाहतात, एमसीबीचे संपर्क तिथेच वितळून चिकटतात. क्लास-टी जातीचा फ्यूज २०,००० अँपिअर तोडू शकतो, एएनएल ६,०००, गाडीतला पात्याचा फ्यूज जेमतेम १,०००. मुख्य फ्यूज क्लास-टी घ्या, पुढच्या फांद्यांना पात्याचे चालतील. एक सुटा क्लास-टी होडीवर ठेवा, बंदरातल्या दुकानात तो मिळेलच असं नाही.

प्रश्न : बीएमएसच्या अ‍ॅपवर तिसरा सेल नेहमी वेगळा दिसतो. चार्ज करताना ३.५२, बाकीचे ३.४०. सेल बदलावा का? (रत्नागिरी)

आधी ६० अँपिअरचा भार टाकून तोच सेल बघा. भारात तो बाकीच्यांच्या खाली गेला, म्हणजे चार्जिंगला वर आणि डिस्चार्जला खाली, तर कुठेतरी रोध वाढलाय. शंभरातले नव्वद वेळा तो ढिला नट किंवा काळवंडलेला बसबार निघतो. सांध्यात दोन मिलिओहम रोध असेल तर ६० अँपिअरला १२० मिलिव्होल्टचा फरक पडतो आणि तो सांधा सात वॅटने तापत राहतो. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक सेलच्या टर्मिनलवर, दुसरं बसबारवर टेकवा. बाकीच्या सांध्यांवर दोन-चार आणि एकावर शंभर आले की चोर सापडला.

सेल फक्त चार्जिंग पूर्ण होत आल्यावरच वर जात असेल तर तो असमतोल, पुन्हा टॉप बॅलन्स करा. फक्त रिकामं होताना सगळ्यांत आधी कोसळत असेल तर मात्र त्याची क्षमताच कमी झालीय. तेव्हा बदला.

प्रश्न : मासे ओढण्यासाठी एलईडी दिव्यांना २४ व्होल्टची किती मोठी बॅटरी लागेल?

लागणार नाही. एलईडी लावून मासेमारीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली आहे.

प्रश्न : एलएफपीला आग लागत नाही असं ऐकलं. मग अग्निशामक कशाला? (पणजी)

लागायला कठीण, पण लागतच नाही असं नाही. आणि ज्वाळा नसली तरी बिघडलेल्या सेलमधून हायड्रोजनसारखे ज्वालाग्राही वायू निघतात. नॉर्वेतल्या बॅटरी बसवलेल्या एका हायब्रिड फेरीबोटीत ऑक्टोबर २०१९ मध्ये आग लागली आणि दुसऱ्या दिवशी साठलेल्या वायूचा स्फोट झाला. तिथलं रसायन वेगळं होतं, पण वायूचा धडा तोच. पेटीची हवा केबिनमध्ये न सोडता नळीने डेकच्या बाहेर काढा. मेन स्विच पेटीपासून दूर, हात पोचेल असा. सीओटू ज्वाळा विझवतो, सेल थंड करत नाही. त्यासाठी पाणीच, आणि भरपूर.

प्रश्न : जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होडी वर ओढलेली असते. बॅटरी तशीच ठेवली तर चालेल? (हर्णे)

काढून घरी न्या. ५० टक्क्यांवर आणा, पूर्ण भरून ठेवू नका. भरलेली बॅटरी उकाड्यात लवकर म्हातारी होते. आणि टक्के व्होल्टेजवरून काढू नका. एलएफपी निम्मी असो की ऐंशी टक्के, मीटर १३.१-१३.३ च्या आसपासच घुटमळतो. शंटवाला मॉनिटर हवा, म्हणजे आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा.

१ जून ते ३१ जुलै म्हणजे ६१ दिवस. बीएमएस स्वतः २० मिलिअँपिअर खात असेल तरी त्यात २९ अँपिअर-तास जातात. २८० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ते खपून जातं. ४० च्या लहान बॅटरीत ५० टक्के म्हणजे २०, ती जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बसलेली असेल. तिच्या बीएमएसचा प्लग काढून ठेवा. २ व्होल्टच्या खाली बरेच दिवस पडलेला सेल पुन्हा चार्ज करू नका, आत तांबं विरघळून शॉर्टची तयारी झालेली असते.

सौर पॅनल असेल तर सोडवताना आधी पॅनल, मग बॅटरी. ऑगस्टमध्ये जोडताना उलट : आधी बॅटरी, मग पॅनल. नुसतं पॅनल जोडलेलं राहिलं तर काही कंट्रोलर जळतात. परत बसवल्यावर पहिल्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. थरथरीने ढिले व्हायचे ते त्या पहिल्या फेरीतच होतात.